लाटा पाणी आणतात, पण ते परत जाते कुठून? शांत दिसणाऱ्या पाण्यातला धोका समजून घ्या

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की बेळगावातून चोर्ला घाटाकडे गाड्यांची रीघ लागते. कुणी कळंगुट-बागाला, कुणी पाळोळेला, कुणी आंबोली उतरून मालवणला, तर कुणी कारवारला. किनाऱ्यावर पोचल्यावर चपला वाळूत काढल्या की पहिला प्रश्न एकच असतो, पाण्यात उतरायचे कुठे? समोर एका ठिकाणी फेसाळत्या लाटा फुटत असतात आणि शेजारीच पाण्याचा एक पट्टा अगदी शांत दिसतो. लहान मुले बरोबर असतील तर घरची मंडळी हमखास तो शांत पट्टा निवडतात. नेमकी चूक तिथेच होते.

समुद्रकिनारी बुडण्याच्या अनेक घटनांमागे हाच शांत पट्टा असतो. त्याला 'रिप करंट' म्हणतात. सोप्या भाषेत, किनाऱ्यावर आलेले पाणी समुद्रात परत नेणारा प्रवाह. लाटा तिथे फुटत नाहीत, कारण त्या वाटेने पाणी बाहेर चाललेले असते आणि खाली खोली जास्त असते.

बेळगावला हा विषय परका नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जणांचा बुडून मृत्यू झाला. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरुडला पुण्याच्या महाविद्यालयाची सहल अशीच उद्ध्वस्त झाली होती. प्रत्येक दुर्घटनेचे कारण वेगळे असू शकते. पण घाटमाथ्यावरच्या माणसाचे पोहणे विहिरीत, तळ्यात नाहीतर नदीत झालेले असते. समुद्राचे पाणी कसे वागते, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. ते एकदा समजले की किनाऱ्याकडे बघण्याची नजर बदलते.

लाट पुढे येते, पाणी नाही

खोल समुद्रात लाट किनाऱ्याच्या दिशेने धावताना दिसते, पण पाणी तिच्याबरोबर धावत नसते. वाऱ्याने शेतातले ज्वारीचे पीक डोलते तेव्हा लहर शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, ताटे मात्र जागची हलत नाहीत. तसेच काहीसे इथे होते. लाट जाताना पाणी जागच्या जागी गोल फिरते, वर येते, खाली जाते. पुढे जाते ती ऊर्जा.

किनारा जवळ आला की चित्र बदलते. लाटेच्या दोन माथ्यांमधले जे अंतर असते, त्याच्या निम्म्यापेक्षा खोली कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. तिचा वेग कमी होतो, ती आखडते आणि उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जवळपास आली, की माथा पुढे कोसळतो. यालाच आपण लाट फुटली म्हणतो. साधारण १ मीटर उंचीची लाट सव्वा मीटरच्या आसपास खोलीत फुटते.

फुटेपर्यंत पाणी जागेवर होते. फुटल्यावर मात्र ते खरोखर किनाऱ्याकडे ढकलले जाते. लाटेने शेकडो किलोमीटर वाहून आणलेला जोर शेवटच्या पन्नास-शंभर मीटरच्या पट्ट्यात खर्च होतो. तोच जोर किनाऱ्यालगतचे प्रवाह तयार करतो. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. कालच्यापेक्षा लाटा 'थोड्याच' मोठ्या दिसत असल्या तरी पाण्याचा जोर थोडाच वाढलेला नसतो.

जमा तेवढा खर्च

समुद्राचा हिशेब चोख असतो. एकामागून एक लाटा फुटत राहिल्या की किनाऱ्यालगत पाणी साचते आणि तिथली पातळी बाहेरच्यापेक्षा किंचित वर चढते. १ मीटरच्या लाटा फुटत असतील तर ही वाढ साधारण १५ ते २० सेंटीमीटर भरते. वीतभर पाणी, डोळ्याला दिसतही नाही. पण उंचावरचे पाणी उताराकडे धावणारच. जेवढे पाणी आत जमा झाले, तेवढे बाहेर जायलाच हवे.

काही पाणी तळाशी, फुटणाऱ्या लाटांच्या खालून परत जाते. पायाखालची वाळू सरकते असे वाटते ते लाटांच्या या येण्या-जाण्यामुळे. बाकीचे पाणी सोपी वाट शोधते. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे तयार झालेले असतात. लाटा त्यांच्यावर फुटतात. दोन उंचवट्यांच्या मधे जिथे खोलगट फट असते, तिथे लाटा कमी फुटतात, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याचा रेटाही कमी. साचलेले पाणी दोन्ही बाजूंनी त्या फटीकडे धावते आणि एका अरुंद वाटेने बाहेर पडते. हाच रिप करंट.

ही वाट बहुधा १० ते ३० मीटर रुंद असते. वेग सेकंदाला अर्धा मीटर ते एक मीटर, जोर असेल तेव्हा २ मीटरपर्यंत. आकडा लहान वाटतो, पण सर्वसाधारण पोहणारा माणूस सेकंदाला एक मीटरचा वेग फार वेळ टिकवू शकत नाही.

वजनाचा हिशेब करून पाहा. वाट २० मीटर रुंद, दीड मीटर खोल आणि पाण्याचा वेग सेकंदाला ८० सेंटीमीटर धरला, तर दर सेकंदाला २४ घनमीटर, म्हणजे २४ हजार लिटर पाणी बाहेर जाते. उन्हाळ्यात गल्लीत येणारा १२ हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे दोन टँकर प्रत्येक सेकंदाला. त्या पाण्याशी ताकदीची स्पर्धा करून चालत नाही.

उपसागराचा आकार ठरवतो वाट

सरळसोट किनाऱ्यावर ही परतीची वाट कुठेही पडू शकते आणि वाळू हलली की जागाही बदलते. अर्धचंद्रासारख्या आत वळलेल्या किनाऱ्यावर मात्र तिच्या काही ठरलेल्या जागा असतात. उपसागर म्हटले की आपल्याला बंगालचा उपसागर आठवतो, पण दोन टेकड्यांच्या टोकांमध्ये वसलेला किलोमीटर-दीड किलोमीटरचा किनाराही लहानसा उपसागरच. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारचा किनारा अशा वळणांनी भरलेला आहे.

लाटा उथळ भागाकडे वळतात. टेकडीचे टोक समुद्रात घुसलेले असते, त्याच्यासमोर पाणी आधी उथळ होते. त्यामुळे लाटांचा जोर टोकांवर एकवटतो आणि मधल्या वळणात तो पसरून मंदावतो. टोकांवर खडकांशी धडाधड फुटणाऱ्या लाटा आणि मधे नरम पाणी, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचे आहे.

पुढचा भाग मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. जिथे मोठ्या लाटा फुटतात तिथे पाणी जास्त साचते, जिथे लहान फुटतात तिथे कमी. पातळीत फरक पडला की पाणी किनाऱ्याला समांतर वाहू लागते, टोकांकडून मधल्या भागाकडे. दोन्ही बाजूंनी आलेले पाणी एकमेकांना भिडले की त्याला जायला एकच दिशा उरते, ती म्हणजे समुद्राकडे. म्हणून कित्येकदा उपसागराच्या मध्यभागीच बाहेर जाणारी वाट पडते.

दुसरी जागा टेकडीला लागून. किनाऱ्याच्या बाजूबाजूने वाहत आलेला प्रवाह खडकांवर अडतो आणि खडकांच्या कडेकडेने बाहेर वळतो. टेकडीच्या आडोशाला लाटा लहान असतात, पाणी निवांत दिसते आणि फोटोलाही जागा झकास असते. पण उघड्या बाजूला साचलेले पाणी ह्याच आडोशाच्या कोपऱ्याकडे येते आणि तिथून बाहेर पडते. खडकावरून पाय घसरलेला माणूस थेट त्या वाटेत पडतो.

आडोशाचा फायदा माणसाने घेतलेलाही आहे. कारवारचे बैतखोल बंदर डोंगराच्या टोकाआड वसले आहे, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांपासून त्याला डोंगराचे संरक्षण मिळते. होड्या नांगरायला अशी जागा उत्तम. पण होडीला सोयीची जागा पोहणाऱ्यालाही सुरक्षित असेलच असे नाही.

तिसरी जागा नदीच्या मुखाची. बागाच्या उत्तर टोकाला नदी समुद्राला मिळते, तिच्या पलीकडे टेकडी आहे. कारवारला काळी नदीचे मुख आहे. ओहोटीला नदीचे पाणी बाहेर धावत असते, समोरून लाटा येत असतात. दोघांच्या टकरीत लाटा अचानक ताठ आणि उंच होतात, तळाची वाळूही सतत हलते. काल गुडघाभर असलेले पाणी आज गळ्यापर्यंत लागू शकते.

लाटा खूप मोठ्या असतील आणि उपसागर लहान, तर सगळ्या किनाऱ्याचे साचलेले पाणी एक-दोन दांडग्या प्रवाहांतून बाहेर पडते. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर लाल बावटे लागतात ते उगाच नाही.

तिरकी लाट आणि वाळूची ये-जा

लाट किनाऱ्याला अगदी सरळ क्वचितच येते. ती तिरकी आली की फुटताना पाण्याला बाजूला ढकलते. एका जागी पाण्यात उतरलेली माणसे अर्ध्या तासाने वर बघतात तर आपली छत्री आणि सामान भलतीकडेच! सामान जागेवरच असते, माणसे सरकलेली असतात.

कळंगुट-बागाचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. नैर्ऋत्येकडून लाटा आल्या की प्रवाह उत्तरेकडे जातो. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी वायव्येकडून समुद्री वारा सुटतो, त्याच्या लाटा पाण्याला दक्षिणेकडे ढकलतात. म्हणजे एकाच किनाऱ्यावर सकाळचा आणि दुपारचा प्रवाह वेगळा असू शकतो. सकाळी जिथे सुखाने डुंबलात तिथे दुपारी चारला तेच पाणी भेटेल याची खात्री नाही.

हाच प्रवाह वाळू वाहून नेतो. याचे ठळक उदाहरण गोव्याने पाहिले आहे. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे मोठे जहाज पावसाळी समुद्रात कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले आणि सुमारे एक तप तिथेच राहिले. येणाऱ्या लाटांच्या वाटेत जणू भिंत उभी राहिली. जहाजाच्या आडोशाला लाटा मंदावल्या आणि तिथे वाळू साठू लागली. आजूबाजूचा किनारा झिजतोय, ही स्थानिकांची तक्रार वर्षानुवर्षे चालू होती. लाटेच्या वाटेत एक अडथळा आला की प्रवाह बदलतो आणि प्रवाह बदलला की किनाऱ्याचा आकार बदलतो. बंदराचा धक्का असो की दगडी बांध, नियम तोच.

भरती-ओहोटी आणि तिथीची पाऊणपट

लाटा वेगळ्या आणि भरती-ओहोटी वेगळी, पण दोघी मिळून काम करतात. ओहोटीला पाणी उतरले की वाळूचे उंचवटे वर येतात, लाटा त्यांच्यावर जोरात फुटतात आणि परतीचे पाणी मधल्या फटींतच कोंडले जाते. त्यामुळे बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीच्या सुमारास रिप करंटचा जोर वाढतो. भरतीला तोच प्रवाह मंद पडू शकतो, पण तेव्हा खोली वाढलेली असते.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आजही कामाचा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, जागेनुसार थोडा मागेपुढे होतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. कॅलेंडर घरोघरी असते, सहलीची तारीख ठरवताना तिथीवरही नजर टाकायला काय हरकत आहे?

आभाळ निरभ्र, तरी लाटा मोठ्या

'पाऊस नाही, वारा नाही, मग भीती कशाची?' हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. याचे उत्तर हजारो किलोमीटर दूर आहे. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळे होतात, त्यांच्या लाटा दिवसाला साधारण हजार किलोमीटर वेगाने भारताच्या दिशेने निघतात. पाच-सहा दिवसांनी त्या आपल्या किनाऱ्यावर पोचतात तेव्हा इथे ऊन पडलेले असते. या लाटांच्या दोन माथ्यांमधले अंतर मोठे असते. खोल पाण्यात त्या दिसतही नाहीत, किनाऱ्याजवळ मात्र एकदम उठतात. केरळात अशा अचानक उसळणाऱ्या समुद्राला 'कळ्ळक्कडल' म्हणतात.

शिवाय लाटा गटागटाने येतात. काही मिनिटे समुद्र शांत राहतो, मग पाच-सात मोठ्या लाटा ओळीने येतात. शांत वेळ बघून माणसे पुढे जातात, मोठ्या लाटांचा गट येतो, किनाऱ्यालगत एकदम पाणी साचते आणि रिप करंट अचानक जोर धरतो. म्हणून उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटे नुसते बघत बसणे शहाणपणाचे.

लाटांचा अंदाज आणि इशारे देण्याचे काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था करते. मच्छीमार तो बघून होडी काढायची की नाही ते ठरवतात. पर्यटकांनीही सहलीच्या आदल्या दिवशी तो बघायला हवा.

रिप करंट ओळखायचा कसा?

- थोड्या उंचावरून, रस्त्यावरून किंवा वाळूच्या टेकाडावरून पाण्याकडे बघा. पाण्याच्या काठावरून तो चटकन दिसत नाही.
- दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत आहेत आणि मधे गडद रंगाचा शांत पट्टा आहे, तर सावध व्हा.
- फेस, कचरा, गढूळ पाणी किनाऱ्याकडून समुद्राकडे जाताना दिसले तर वाट तीच.
- खडक, धक्का आणि नदीच्या मुखाजवळ उतरू नका.
- गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचे, लाल झेंडा असेल तिथे उतरायचे नाही. जीवरक्षकाची ड्युटी संपल्यावर, अंधारात आणि दारू पिऊन तर अजिबातच नाही.

अडकलात तर

सर्वांत आधी एक गैरसमज काढून टाका. रिप करंट माणसाला खाली ओढत नाही, बाहेर ओढतो. माणूस बुडतो तो घाबरून आणि दमून. किनारा समोर दिसतो, म्हणून तो सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो. प्रवाह त्याला मागे नेत राहतो आणि दोन-चार मिनिटांत दम संपतो.

त्यामुळे प्रवाहाशी भांडू नका. पाठीवर तरंगत राहा, श्वास सांभाळा, एक हात वर करून मदत मागा. फुटणाऱ्या लाटांचा पट्टा ओलांडला की बहुतेक वेळा प्रवाहाचा जोर ओसरतो, काही वेळा तो वळसा घेऊन माणसाला परत उथळ पाण्याकडेही आणतो. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. वाट वीस-तीस मीटरच रुंद असते, त्यातून बाजूला झालात की जिथे लाटा फुटताहेत तिथून परत या. ज्या पांढऱ्या लाटांना घाबरून शांत पाणी निवडले होते, त्याच लाटा किनाऱ्याकडे ढकलतात.

आपला माणूस अडकलेला दिसला तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असेच एका घरातले अनेक जीव गेले आहेत. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ ला फोन करा आणि तरंगेल असे काहीही फेका. ट्यूब, रिकामा बंद कॅन, पाण्याच्या झाकण लावलेल्या मोठ्या बाटल्या, थर्माकोलचा खोका, काहीही. एकाने त्या माणसावरची नजर हलवायची नाही.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी निघण्याआधी मुलांना एवढे पंधरा मिनिटे समजावून सांगितले तरी पुष्कळ झाले. पुढच्या वेळी गाडी किनाऱ्याला लागली की घाई नको. चपला काढण्याआधी थोडा वेळ उभे राहून बघा, लाटा पाणी कुठून आत आणताहेत आणि ते बाहेर कुठून चालले आहे. बाहेर जायची वाट दिसली की मुलांना तिथून लांब ठेवा.